स्प्रिंगच्या एअर रायफलवर कोणता स्कोप टिकेल? छर्रे एका जागी लागत नाहीत, मदत हवी आहे

मंडळी, माझ्याकडे ०.१७७ इंची छर्ऱ्यांची, नळी मोडून छर्रा भरायची स्प्रिंगवाली एअर रायफल आहे. वर साधा ३-९x४० स्कोप (३ ते ९ पट मोठं दाखवणारी, ४० मिमी भिंगाची नेमाची दुर्बीण). १० मीटरवर झिरो करून घेतला (नेम धरू तिथेच छर्रा लागेल असा जुळवला) की सुरुवातीला छर्रे छान जवळजवळ लागतात, मग हळूहळू वर आणि उजवीकडे सरकायला लागतात. स्कोप काढून उघड्या साइटवर मारलं तर सगळे छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात. म्हणून नळी आणि छर्ऱ्यांवर माझा संशय नाही.

माउंटचे (स्कोप धरून ठेवणाऱ्या रिंगांचे) स्क्रू घट्ट आहेत, पण मागच्या रिंगच्या मागे रेलवर (माउंट बसतो त्या पट्टीवर) ताजा ओरखडा दिसतोय. म्हणजे माउंटच सरकतोय का? स्प्रिंगच्या रायफलचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे बसतो. साध्या स्कोपला तो पुढचा झटका सोसत नाही, हे ठाऊक आहे. मग क्रॉसहेअरच (स्कोपमधली नेमाची फुली) आतून ढिला झालाय, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

दुसरं, १० मीटरवर ९x ला चित्र धूसर दिसतं आणि डोळा जरा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकतो. पॅरलॅक्स (हे सरकणं) लांबच्या अंतरासाठी जुळवलेला असणार. नवीन घ्यायचाच तर पुढची भिंग-रिंग फिरवून १० मीटरपर्यंत फोकस होणारा घ्यावा, की एअरगनसाठीच बनवलेला ४x३२ पुरे? मला जास्त मोठं दिसण्यापेक्षा टिकाऊपणा हवाय. स्टॉप पिन (माउंट सरकू न देणारी खिळी) असलेला एकसंध माउंट कुणी वापरलाय का?

(स्पर्धेसाठी नाही, १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धांत स्कोप चालत नाही. घरामागे सरावासाठी हवाय.)