केळीच्या धाग्यात नॅनो टाकलं की ग्लास फायबर हद्दपार?

रेझिनवाला: परवाच्या पोस्टमध्ये एकाने ठोकून दिलंय की केळीच्या धाग्याच्या कंपोझिटमध्ये (रेझिन म्हणजे घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये धागे बसवून केलेल्या मालात) २-३ टक्के नॅनोक्ले (अतिबारीक पापुद्र्यांची माती) टाकली की ग्लास फायबर हद्दपार. डोकं सणकलं म्हणून लिहितोय. ई-ग्लासचा, म्हणजे नेहमीच्या ग्लास फायबरचा, मॉड्युलस (ताठपणा) ७० जीपीएच्या (गिगापास्कल) घरात, केळीचा धागा जेमतेम निम्म्यालाही पोचत नाही, आणि तोही दर खोडाचा वेगळा. क्ले काही धाग्यात शिरत नाही, ती रेझिनमध्ये बसते. खरं दुखणं जोडाचं आहे, धागा पाणी पितो आणि रेझिन त्याला नीट चिकटत नाही. आधी धागा कॉस्टिक सोड्यात धुऊन काढा, मग नॅनोचं बोला.

सूक्ष्मा: अर्धंच सांगताय दादा. क्लेचे पापुद्रे नीट सुटले तर पाण्याला वळसे घेत आत जावं लागतं, शोषण कमी होतं, आणि असल्या कंपोझिटची वाट लावतं ते पाणीच. टोयोटाने नायलॉन-क्लेचं टायमिंग बेल्ट कव्हर कधीच गाडीत बसवलंय. शिवाय काचेची घनता २.५ ग्रॅम प्रति घनसेंमी, केळीच्या धाग्याची १.३५ च्या आसपास. दाराच्या आतल्या पॅनलला वजन बघतात की नाही?

रेझिनवाला: त्या कव्हरमध्ये केळीचा धागा कुठे होता? आणि "नीट सुटले तर" यातच सगळं आलं. आमच्या शेडमध्ये नॅनोसिलिका (सिलिकाची अतिबारीक पूड) साध्या मिक्सरने ढवळली, रेझिन घट्ट झालं, धाग्यात मुरेना, आत बुडबुडे, आणि चाचणीची पट्टी बरोबर न सुटलेल्या पुडीच्या गोळ्यापाशी तुटली. तुमच्याकडे सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गोळे फोडणारं यंत्र) आणि वाटीभर रेझिन असतं, आम्हाला ड्रम भरून लागतं.

तापीकाठ: तुमचं नॅनो ठेवा बाजूला. इकडे जळगावात रावेर-यावलला घड कापला की खोड आम्ही पदरचे मजूर लावून बांधावर टाकतो. खोडात ९० टक्क्यांवर पाणी, ट्रॉलीभर खोडातून धागा निघतो पाटीभर. एकाने भाव कबूल केला, धागा काढायचं मशीन घ्यायला लावलं आणि माल तयार झाल्यावर फोनच उचलेना. मशीन गोठ्यात गंजतंय, त्यावर पण लिहा कुणीतरी.

रेझिनवाला: ओला, गर चिकटलेला धागा पाठवला तर कोण घेणार?

तापीकाठ: तोंड सांभाळून बोला. किती सुकवायचा, किती लांब ठेवायचा, सांगितलं होतं का कोणी? शेतकऱ्याने अंदाजाने ग्रेड ओळखायची का?

सोडणवाला: जळगावच्या पुढे बघा की जरा. कोकणात नारळाची सोडणं चुलीत जातात. काथ्यात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य) भरपूर, खाऱ्या पाण्यातही टिकतो, पण संशोधन सगळं केळी नि तागावर.

सूक्ष्मा: काथ्या ताणला जातो चांगला पण ताकदीत ताग-केळीच्या मागे आहे, उगाच भांडू नका. आणि तापीकाठ, तुमचं बरोबर आहे, पेपरात धागा कुठून आणला ते एका ओळीत उरकतात, मला त्याचा राग येतो.

रेझिनवाला: बरं, क्लेमुळे कंपोझिट पाणी कमी पितं एवढं मान्य. एवढंच. टक्का वाढवला की पुन्हा गोळे, हे तुम्हीही मान्य करा.

सूक्ष्मा: ते कोण नाकारतंय? म्हणूनच २-३ टक्के म्हणतात ना.

तापीकाठ: सुकवलेल्या धाग्याला किलोमागे किती देणार ते लिहा आधी.