लॉसनचं विजेतेपद कोणी घालवलं? धडकेने की वाट सोडणाऱ्यांनी? (डीटीएम 2021)

एर्लांगेनकर

10 ऑक्टोबर 2021 ला मी नोरिसरिंगला होतो. घरापासून लोकलने अर्धा तास. ज्यांनी हा मोसम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डीटीएम ही जर्मनीची टूरिंग कार शर्यतमालिका. त्या वर्षी आठ ठिकाणी मिळून सोळा शर्यती होत्या आणि शेवटची इथे नोरिसरिंगला, म्हणजे न्युर्नबर्ग शहरातल्या रस्त्यांवर. एरवी ही शर्यत उन्हाळ्यात असते, कोरोनामुळे ऑक्टोबरात ढकलली होती. न्यूझीलंडचा एकोणीस वर्षांचा लियम लॉसन गुणांत पुढे होता, शेवटच्या शर्यतीत पोलवरही (सगळ्यांत पुढून सुटायची जागा) तोच. मागे दक्षिण आफ्रिकेचा केल्विन व्हॅन डर लिंडे (ऑडी) आणि जर्मनीचा मॅक्सिमिलियन गोट्झ (मर्सिडीज).

मी दगडी स्टँडवर बसलो होतो, नाझी मेळाव्यांसाठी बांधलेल्या त्याच पायऱ्या. दगड इतका गार की खाली जॅकेट घडी करून घेतलं होतं. गाड्या समोरून गेल्या, पहिल्या हेअरपिनला (जवळजवळ उलटं फिरवणारं वळण) सगळ्यांचे ब्रेक दिवे एकदम पेटले आणि व्हॅन डर लिंडे आतून घुसला. लॉसनची फेरारी ठोकली गेली. ती दुरुस्त करून तो पुन्हा उतरला, पण गुणांच्या आशा तिथेच संपल्या.

तरीही विजेतेपद त्याचंच राहिलं असतं, लोक हे विसरतात. गोट्झला शर्यत जिंकणं भाग होतं आणि त्याच्या पुढे लुकास आउअर आणि फिलिप एलिस होते. दोघेही मर्सिडीजचे, पण गोट्झच्या संघातले नव्हेत. तो एचआरटीचा, ते दोघे विनवर्डचे. शेवटी दोघांनी त्याला वाट करून दिली. गोट्झ 230, लॉसन 227.

पहिल्याला 25 गुण, दुसऱ्याला 18. म्हणजे गोट्झ दुसरा आला असता तरी 223 वर थांबला असता. ते तीन गुण मला आजही पटत नाहीत. तुमचं काय मत?

पिंपरी_वर्कशॉप

दादा, तुमचं दुःख समजतं, पण विजेतेपद एका रविवारात ठरत नाही. सोळा शर्यतींची बेरीज आहे ती. लॉसनने मोंझाला पदार्पणातच जिंकलं, स्पिलबर्गला दोन्ही शर्यती मारल्या, पोरगं भन्नाट आहे यात वाद नाही. पण गोट्झ मोसमभर गुण गोळा करत राहिला म्हणूनच शेवटच्या दिवशी तो आटोक्यात होता ना? नसता, तर आउअर-एलिसने वाट सोडून काय उपयोग झाला असता?

आणि सांघिक आदेश काही डीटीएमने शोधून काढलेला नाही. 2002 मध्ये फॉर्म्युला वनच्या ऑस्ट्रियातल्या शर्यतीत बॅरिकेलोने शेवटच्या क्षणी शूमाखरला पुढे सोडलं होतं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. 2021 ला डीटीएमच्या नियमात हे बसत होतं. नियमात बसतं ते करायचंच. गाडीवर मेहनत घेणाऱ्या माणसांची वर्षभराची रोजीरोटी असते त्यात.

एर्लांगेनकर

बॅरिकेलो आणि शूमाखर एकाच संघाचे होते. फरक तिथेच आहे, भाऊ.

सायली_ठाणे

मला वाटतं तुम्ही दोघेही भलत्याच जागी भांडताय. खरा गुन्हा पहिल्या वळणावर झाला. व्हॅन डर लिंडेला शिक्षा झाली, पण लॉसनचं नुकसान त्याने भरून निघालं का? ज्याने धडक दिली त्याला किरकोळ दंड, ज्याने खाल्ली त्याचा मोसम बुडाला. 2015 ला स्पिलबर्गला काय झालं आठवा. शेवटच्या लॅपला ऑडीच्या टिमो शायडरने मर्सिडीजच्या विकन्स आणि वेअरलाइन या दोघांना एकदम वाळूत घातलं होतं आणि ऑडीचे प्रमुख वोल्फगांग उलरिख रेडिओवर “ढकल त्याला बाहेर” म्हणताना सगळ्या जगाने ऐकलं. तेव्हा ऑडीला दोन लाख युरो दंड झाला होता. मोठी शिक्षा करायची तयारी असली तर करता येते.

बरं, त्या वर्षी वेअरलाइन सावरला आणि विजेता झाला. लॉसनला सावरायला पुढची शर्यतच उरली नव्हती. शेवटच्या दिवशीच्या धडकेला म्हणूनच वेगळं माप हवं.

कोथरूड_हेअरपिन

सायलीताई, 2015 ला मुद्दाम ढकललं होतं, तसं रेडिओवर बोललेही होते. व्हॅन डर लिंडेने मुद्दाम केलं असं कुणी सिद्ध केलं नाही. तोही विजेतेपदासाठी लढत होता. जागा दिसली, घुसला. ज्याला काहीच गमवायचं नाही त्याने मागे बसून राहावं का?

शिवाय या गाड्यांचाही विचार करा. 2020 पर्यंत डीटीएममध्ये एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या खास बनावटीच्या गाड्या होत्या. 2021 पासून जीटी3, म्हणजे संघांना विकत मिळणाऱ्या शर्यतीच्या गाड्या आल्या, त्यांना एबीएस आहे. सगळे शेवटच्या क्षणापर्यंत ब्रेक लांबवतात, मग मधली जागा संपते. त्यात नोरिसरिंग फक्त 2.3 किलोमीटरचं, दोन-दोनच्या रांगेत सुटायचं आणि लगेच हेअरपिन. हे होणारच होतं.

सायली_ठाणे

“होणारच होतं” हे मला मान्य नाही. बाकीचे पण त्याच वळणावर आले होते. ते वळले.

एर्लांगेनकर

जीटी3 चा विषय निघालाच आहे तर माझा खरा मुद्दा मांडतो.

डीटीएमचं दुखणं जुनं आहे. कारखान्यांच्या जोरावर मालिका चालायची आणि कारखाने निघाले की कोसळायची. 2018 नंतर मर्सिडीज गेली, मग ऑडीनेही आपण जाणार म्हणून सांगितलं. मालिकेचा तेव्हाचा प्रमुख गेऱ्हार्ड बर्गर, त्याने ती वाचवण्यासाठी जीटी3 आणल्या. कल्पना सरळ होती. कोणताही खाजगी संघ गाडी विकत घेऊन येईल आणि स्वतःच्या जिवावर लढेल. 2021 हा त्या नव्या रचनेचा पहिलाच मोसम. आणि त्या पहिल्याच मोसमाच्या अखेरच्या मिनिटांत काय दिसलं? पुढे असलेल्या विनवर्डच्या दोन्ही गाड्या दुसऱ्या संघाच्या माणसाला जागा देतात. मग खाजगी संघ कुठे राहिला? बोनेटवरचा तारा तेवढा खरा ठरला.

आउअर तर बर्गरचाच भाचा. मला त्या पोराची खरंच कीव आली. तो पुढे होता, विजय हातातोंडाशी आला होता, आणि तो सोडावा लागला. माझ्या शेजारी बसलेले वयस्कर गृहस्थ गोट्झचे चाहते होते. गोट्झ इथून जवळच्या उफेनहाइमचा, म्हणजे गावचाच माणूस. पण शर्यत संपल्यावर टाळ्या वाजवताना ते माझ्याकडे वळून म्हणाले की आज नीट आनंद होत नाहीये.

पिंपरी_वर्कशॉप

हा मुद्दा वजनदार आहे, मानलं. तरी एक बाजू सांगतो. मी गाड्यांच्या धंद्यात आहे. कारखान्याकडून गाडी घेतली की सुटे भाग, इंजिनिअर, सगळं त्याच कारखान्याकडून येतं. त्या कारखान्याने “या वर्षी आपला एक माणूस जिंकू शकतो, मदत करा” म्हटलं तर खाजगी संघ नाही म्हणू शकेल? उद्या भाग कोण देणार? आउअर-एलिसला दोष देऊ नका.

आणि गोट्झला तर अजिबात नका. पस्तिसाव्या वर्षी, घरच्या लोकांसमोर, डीटीएममधून बाहेर गेलेला माणूस परत येऊन विजेता झाला. 2013 ला स्पाची 24 तासांची शर्यत जिंकणाऱ्यांत तो होता. कुणी उपरा नव्हता तो.

एर्लांगेनकर

दोष गोट्झला नाहीच. आउअरलाही नाही.

बेळगावकर_रेसर

सगळ्यांनी लॉसन-गोट्झ केलं, त्याच मोसमात आपला बेंगळुरूचा अर्जुन मैनी डीटीएममध्ये उतरला होता, तेही मर्सिडीजमध्येच, गेटस्पीड संघाकडून. डीटीएममधला पहिला भारतीय. उद्या मैनीला कुणी रेडिओवर “बाजूला हो” म्हटलं तर तुम्ही सगळे कुणाच्या बाजूने? मी तरी रस्त्यावर उतरेन.

कोथरूड_हेअरपिन

तुमच्या भावना पटल्या, पण तुमच्या हिशोबाने मैनीसाठी दुसरा कुणी बाजूला झाला तर चालेल का?

बेळगावकर_रेसर

नाही चालणार. इथे विचार करून लिहितोय, खरंच नाही चालणार.

कोथरूड_हेअरपिन

ठीक. मग शेवटचं. पुढच्या वर्षी, 2022 ला, बर्गरने सांघिक आदेशांवर बंदी घातलीच. पण ती पाळली जाते की नाही हे ओळखणार कसं? चालक म्हणेल ब्रेक तापले, टायर गेले, म्हणून सुटलं वळण. कोण सिद्ध करणार?

एर्लांगेनकर

नाही करता येणार सिद्ध, बऱ्याच वेळा. पण मग त्याला निदान वळण चुकवून दाखवावं लागेल, नाटक करावं लागेल, आणि पकडलं जायची भीती बाळगावी लागेल. त्या दिवशी माझ्यासमोर यातलं काहीच लागलं नाही. दोन गाड्या सरळ बाजूला झाल्या आणि स्टँडमध्ये कुणाला विचारावंही लागलं नाही की हे का झालं.