कॉलेज, मेस, मोर्चा आणि वडाप : सातारा-सांगलीकरांनो, अनुभव सांगा

आपल्याकडे कॉलेजं तालुक्या-तालुक्याला, विद्यापीठ मात्र कोल्हापुरात. शिवाजी विद्यापीठ 1962 साली झालं, तेव्हापासून कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तिन्ही जिल्हे त्याच्याकडे. अलीकडे साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या तीन कॉलेजांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालंय, पण बाकीच्या कॉलेजांचे पेपर आणि निकाल अजून कोल्हापूरचेच. त्यामुळे टीव्हीवर दिसतात तसे विद्यापीठाच्या आवारातले मोर्चे आपल्या वाट्याला कमीच आले. आपली आंदोलनं व्हायची ती वसतिगृहाच्या फाटकात, एस.टी. स्टँडवर, नाहीतर प्रांत ऑफिससमोर.

नव्या पोरांसाठी थोडं मागचं सांगतो. पूर्वी कॉलेजात निवडणुका व्हायच्या. 1989 साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा निवडणुकीच्या वादातून खून झाला, मारामाऱ्या तर गावोगावी होत्याच. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने निवडणूक गेली आणि वर्गात पहिला येईल तो प्रतिनिधी झाला. 2016 च्या कायद्यात निवडणूक परत आली, 2019 साली घ्यायचं ठरलंही, पण विधानसभेची निवडणूक आली आणि ती पुढे ढकलली गेली.

माझं मत सांगून टाकतो. कॉलेजातलं राजकारण बंद झालेलं नाही, ते फक्त पोरांच्या हातातून गेलं. संस्थाचालकांचं, कारखान्याचं, पक्षाचं राजकारण तिथं आहेच. मग मेसचं जेवण, रखडलेली स्कॉलरशिप, चुकलेली गाडी, ही गाऱ्हाणी पोरांनी न्यायची कुणाकडे? तुम्ही कुणाकडे नेली? लिहा. कॉलेजचं आणि माणसाचं नाव नको, तेवढं पथ्य पाळा.

माजी यू.आर., कराड

आमच्या वेळची निवडणूक म्हणजे झेडपीची रंगीत तालीम. वर्गावर्गातनं सी.आर. निवडून यायचे आणि त्यांच्या मतावर जी.एस. आणि यू.आर., म्हणजे विद्यापीठाचा प्रतिनिधी, ठरायचा. मतं मोजकीच, त्यामुळं पळवापळवी ठरलेली. निकाल लागला की रात्रीच जीप यायची. आम्ही आमचे सी.आर. उचलून महाबळेश्वरच्या अलीकडं एका बंगल्यावर नेले. सकाळी मिसळ, दुपारी मटण, रात्री पत्ते. बंगला कुणाचा, मटणाचे पैसे कुणाचे, हे विचारायचं नसतं एवढी अक्कल आम्हाला होती. त्यातला खटावचा एक गडी दुसऱ्या दिवशी रडायलाच लागला. घरी म्हैस व्यायला झालेली, म्हातारा एकटा. त्याला सोडला तर पलीकडचं पॅनेल वाटेतच गाठणार. शेवटी आमचीच दोन पोरं त्याच्या घरी धाडली, म्हशीपाशी बसायला. रेडी झाली. मत आम्हाला पडलं.

आता हे ऐकून कुणी म्हणेल की बंद झालं ते बरंच झालं. मला तसं वाटत नाही. निवडून आल्यावर त्याच खटावच्या पोरानं मला धरलं, "मटण चारलंस, आता वडूजच्या गाडीचं बघ." आणि मला डेपोत जावं लागलं. मत घेतलं होतं ना!

मेस सेक्रेटरी

मी माण तालुक्यातला. दुष्काळी पट्टा, घरून पैसे येण्याचा प्रश्नच नव्हता. कमवा आणि शिका योजनेत शिकलो. भाऊराव अण्णांनी 1919 साली कराडजवळ काले गावात रयतची सुरुवात केली आणि 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथं सगळ्या जातीची पोरं एका पंगतीत जेवायची आणि आपलं जेवण आपणच रांधायची. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' ही पाटी आम्ही रोज वाचत होतो. माझं काम बागेत आणि नंतर ग्रंथालयात. कामाची लाज कधी वाटली नाही, पण तासाचा दर वर्षानुवर्षं हलायचा नाही, तेव्हा बोलायची सोय नसायची. लगेच अण्णांचं नाव पुढं करायचे. अण्णांनी पोरांना काम करायला शिकवलं, गप्प बसायला शिकवलं असं मला तरी कुणी दाखवून द्यावं.

हे पुढचं दुसऱ्या एका वसतिगृहातलं, तिथं मी नंतर राहिलो. मेस ठेकेदाराची होती. आमटीत डाळ शोधावी लागायची आणि भात मधोमध कच्चा. अर्ज दिले, रेक्टर म्हणायचे बघतो. एका रात्री सगळ्यांनी ताटं घेतली, भात वाढून घेतला आणि न खाता ती ताटं तशीच रेक्टरच्या व्हरांड्यात ओळीनं मांडून ठेवली. घोषणा नाही, दगड नाही. सकाळपर्यंत भात वाळून खडा झालेला आणि साहेबांना दारातून पाय टाकायला जागा नाही. ठेकेदार गेला. मग प्रश्न आला, आता चालवणार कोण? आम्हीच. मार्केट यार्डातून घाऊक माल आणायचा, गॅसचा हिशोब, भाकरीला दोन मावशी. महिन्याच्या शेवटी बिल जवळपास तेवढंच आलं, पण आमटी घट्ट. माझ्या अकौंटन्सीचं खरं शिक्षण त्या वहीत झालं.

जतची

सांगलीत मुलींच्या वसतिगृहाचं फाटक साडेसहाला बंद व्हायचं आणि मुलांच्या बाजूची अभ्यासिका दहापर्यंत उघडी. आम्ही लेखी अर्ज दिला तेव्हा सह्या करणाऱ्या मुलींच्या घरी फोन गेले, "तुमची मुलगी रात्री बाहेर राहायची परवानगी मागतेय." निम्म्या मुलींनी सही मागं घेतली. माझ्या वडिलांनी फोनवर विचारलं, "अभ्यासिकेत जाणार का?" हो म्हटलं. "मग राहू दे सही." बस. फाटक साडेआठला झालं.

आणखी एक. 2013 च्या कायद्यानं लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती सक्तीची आहे आणि विद्यार्थिनींच्या तक्रारींसाठी यू.जी.सी.चे 2015 चे वेगळे नियम आहेत. आमच्या कॉलेजात बोर्डवर समिती होती, त्यातल्या अध्यक्ष मॅडम निवृत्त होऊन गावी गेल्या होत्या. मुलींनो, बोर्डवरचा नंबर एकदा लावून बघा. तक्रार नसली तरी लावा.

कंडक्टरची लेक, पाटण

मला दोन्ही बाजूंनी लिहायचंय, म्हणून जरा लांबेल.

2021 च्या दिवाळीत एस.टी.चा संप सुरू झाला. महामंडळाचं सरकारमध्ये विलीनीकरण करा ही मागणी. माझे पप्पा वाहक, ते संपावर. मी एस.वाय.ला, कॉलेज कराडला. कोरोनात दीड वर्ष मोबाईलवर शिकून आत्ता कुठं वर्ग उघडले होते. आमचं गाव मुख्य रस्त्यापासून आत, सकाळची मुक्कामी गाडी हीच काय ती सोय. गाडी बंद म्हणजे वडाप, शिटावर चालणारी खासगी जीप. वडापवाला भरल्याशिवाय हलत नाही आणि पोरीला मधे बसवायचं म्हटलं की आई तयार नाही. पासवर आम्हाला तिकिटाच्या एक तृतीयांश पैशात जाता यायचं, वडापला कसला पास? शिवाय घरात पगार बंद. पप्पा रोज इस्त्रीचा खाकी शर्ट घालून डेपोसमोर मांडवात बसायला जायचे. शर्ट घालायचे कारण, म्हणे, आम्ही नोकरी सोडलेली नाही.

कॉलेजात पंचाहत्तर टक्के हजेरीची नोटीस लागली. आमच्या भागातली बरीच पोरं त्यात अडकणार होती. एक संघटना आली, म्हणाली डेपोवर मोर्चा काढू, विद्यार्थ्यांचे हाल थांबवा, गाड्या सोडा. पोरं तयार. मी कुठं उभी राहू? समोर मांडवात बाप बसलाय. मी मीटिंगमध्ये एवढंच म्हटलं, की गाडी सोडणं डेपोतल्या माणसांच्या हातात नाही, हजेरी माफ करणं मात्र कॉलेजच्या हातात आहे, तिकडं जाऊ. वाद झाला. "तुझा बाप आहे म्हणून बोलतेस." हो, आहेच ना. म्हणून तर मला दिसतंय.

शेवटी दोन गट झाले. एक डेपोवर गेला, एक प्राचार्यांकडे. आम्ही गावांची यादी करून नेली, कुठल्या गावाला कुठली गाडी होती आणि ती कधीपासून बंद आहे. सरांनी यादी वाचली आणि सवलत दिली, वर नोट्सच्या झेरॉक्स ऑफिसातून मिळतील असं सांगितलं. डेपोवर गेलेल्यांना पप्पांच्या माणसांनी चहा पाजला. तिथं भांडण झालंच नाही, हे मला नंतर कळलं.

एप्रिल 2022 मध्ये हायकोर्टानं 22 तारखेपर्यंत कामावर या म्हणून सांगितलं आणि गाड्या हळूहळू सुरू झाल्या. विलीनीकरण झालं नाही. आमच्या वर्गातल्या ज्या मुलींची त्या हिवाळ्यात लग्नं ठरली, त्या परत आल्या नाहीत. त्यांची नोंद संपाच्या कुठल्याच हिशोबात नाही.

कृष्णाकाठ

2019 चा महापूर. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमची खोली तळमजल्यावर. पुस्तकं गेली त्याचं काही नाही, फाईल गेली. दहावी-बारावीची गुणपत्रकं, जातीचा दाखला, जात पडताळणीची व्हॅलिडिटी, सगळा लगदा. डुप्लिकेटसाठी आधी पोलिसांचा दाखला, मग प्रतिज्ञापत्र, मग बोर्डाचा फॉर्म. प्रत्येक खिडकीवर ओळखपत्र मागायचे, तेच तर वाहून गेलेलं. त्या वेळी एन.एस.एस.च्या पोरांनी कॉलेजच्या गेटवर टेबल टाकून आमचे अर्ज भरून दिले. चिखल काढायला सगळेच आले होते, फोटोही निघाले. पण मला आठवतं ते टेबल. डिजिलॉकर वापरा रे, एवढंच सांगतो.

अर्ज पेंडिंग

स्कॉलरशिपवाल्यांसाठी लिहितो. महाडीबीटीवर अर्ज भरला म्हणजे झालं असं नसतं. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून पुढं सरकला तरच समाजकल्याणकडे किंवा संबंधित विभागाकडे. माझा अर्ज कॉलेजच्याच लॉगिनला पडून होता आणि मी शिव्या घालत होतो सरकारला. क्लार्क म्हणाले सर्व्हर डाऊन. महिनाभर सर्व्हर डाऊन? पोरांनी एकत्र बसून ज्यांचे ज्यांचे अर्ज कॉलेज स्तरावर अडकले त्यांचे स्क्रीनशॉट काढले, प्रिंट मारून एकच निवेदन केलं आणि आवक नंबर घेतला. आवक नंबर घेतला की कागद जागा होतो. आठवड्यात सर्व्हर बरा झाला.

मुलींसाठी : जुलै 2024 च्या शासन निर्णयानं कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. प्रवेशाच्या वेळी "आधी भरा, नंतर परत देऊ" म्हणाले तर लेखी मागा.

भरतीवाला

सगळे चांगलं चांगलं लिहितायत म्हणून आमचंही ऐका. रास्ता रोकोला बसलो, फोटोत पुढं दिसलो. मनाई आदेश मोडला म्हणून पोलीस कायदा कलम 135. पुढारी संध्याकाळी घरी, आम्ही तारखांना. पोलीस भरतीत मैदान मारलं, लेखी निघाली आणि चारित्र्य पडताळणीला ती केस पुढं आली. फॉर्ममध्ये लिहिली होती म्हणून वाचलो. लपवली असती तर संपलं होतं. ज्यांनी बसवलं त्यांचा तेव्हा फोन लागत नव्हता. मोर्चाला जा, माझी ना नाही. पण निवेदनावर पहिली सही कुणाची आहे ते बघून जा.

तासिकावाली

मी आता शिक्षकांच्या बाजूची, तीही अर्धीच. तासिका तत्त्वावर शिकवते. 2013 साली मी एम.ए.ला असताना प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता, सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीसाठी. तेव्हा आम्ही पोरं चिडलो होतो. आज वर्गात मी तेच शिकवते जे पूर्ण पगारी सहकारी शिकवतात, पण सुट्टीत पगार नाही, बिल निघेल तेव्हा निघेल. पोरांना माहीतच नसतं. परवा एकानं विचारलं, "मॅडम, पुढच्या वर्षी तुम्हीच आहात ना?" कुलगुरूंना विचार, म्हटलं. विद्यार्थी कल्याणाच्या यादीत 'शिकवायला तोच माणूस पुढच्या वर्षी असणे' हे कुणी घालेल का?

टी.वाय., विटा

मी सध्या विद्यार्थी मंडळाचा सचिव. टक्केवारीवर नेमलेला, मला कुणी मत दिलेलं नाही. मंडळाचं काम म्हणजे गॅदरिंग, रांगोळी स्पर्धा आणि पाहुण्यांना नारळ-शाल. पहिल्या मीटिंगला मी गाडीचा विषय काढला, संध्याकाळची गाडी प्रॅक्टिकल सुटायच्या आधीच जाते, ती अर्धा तास पुढं घ्या. सर म्हणाले, हा मंडळाचा विषय नाही.

वरच्या यू.आर. काकांचं वाचलं आणि सह्या गोळा करायला घेतल्या. पाटणच्या ताईंसारखी गावांची यादीपण केलीय. डेपोत गेलो तर साहेब म्हणाले प्राचार्यांचं पत्र आणा, प्राचार्य म्हणतात ग्रामपंचायतींचे ठराव आणा. तीन गावांचे ठराव मिळालेत, चौथ्या गावात सरपंच आणि उपसरपंच वेगळ्या गटाचे आहेत, त्यामुळे अडलंय. सोमवारी परत जातोय. त्या उपसरपंचाला समजावेल असं कुणी इथं आहे का?