ट्रायकोडर्मा वापरूनही वांग्याची मर थांबत नाही : मदत हवी आहे

नमस्कार. मी नोकरीनिमित्त ऐरोलीत राहतो. आमची शेती मुरबाड तालुक्यात असून ती वडील आणि धाकटा भाऊ पाहतात. खालच्या खाचरांत भात आणि वर पंधरा गुंठे वरकस जमिनीत पावसाळी वांगी, अशी आमची पद्धत आहे. भात घरी खाण्यापुरताच होत असल्यामुळे वर्षाचा रोख पैसा वांग्यांवरच अवलंबून असतो. गेली दोन वर्षे नेमक्या फुलोऱ्याच्या सुमारास झाडे मरू लागली आहेत. आदल्या दिवशी टवटवीत दिसणारे झाड दुसऱ्या दिवशी दुपारी मान टाकते आणि चार-पाच दिवसांत वाळून जाते. पाने मात्र पिवळी न पडता हिरवीच लोंबत राहतात.

ही बुरशीमुळे होणारी मर असावी, असे आम्हांला सांगण्यात आले. त्यानुसार वडिलांनी बियाण्याला ट्रायकोडर्मा हे जैविक बुरशीनाशक चोळले, तेच शेणखतात मिसळून सावलीत ओलसर ठेवले आणि लागवडीच्या वेळी खड्ड्यांत घातले. त्यांनी हे काम फार निगुतीने केले, म्हणूनच यंदाही जवळजवळ एक तृतीयांश झाडे गेल्यावर त्यांना झालेले दुःख पाहवले नाही.

त्यानंतर मी वाचायला सुरुवात केली. ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी असून ती रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालते आणि विकरांच्या (एन्झाइमांच्या) साहाय्याने त्यांच्या पेशीभित्तीतील कायटिन हा घटक विरघळवते, असे समजले. जिवाणूच्या भिंतीत कायटिन नसतेच. म्हणून ही मर जिवाणूची तर नाही ना, हे पाहण्यासाठी गेल्या रविवारी गावी जाऊन नुकत्याच सुकलेल्या झाडाचे बुंध्याजवळचे खोड कापले आणि काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात टांगून धरले. काही मिनिटांतच कापलेल्या टोकातून दुधासारखे पांढरे धागे पाण्यात उतरू लागले. म्हणजे औषध खरे होते, पण रोग निराळा होता : ही राल्स्टोनिया जिवाणूमुळे होणारी मर असावी.

आता पुढे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स या उपयुक्त जिवाणूचा येथे कितपत भरवसा धरता येईल? दुसरे असे की, हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने आणि भात संशोधन संचालनालयाने मिळून २००८ साली सुधारित सांबा मसुरी हा भात आणला, ज्यात कडा करपा या भातावरील जिवाणूजन्य रोगाला रोखणारी तीन जनुके रेणवीय खुणांच्या (जनुक ओळखू देणाऱ्या डीएनएतील खुणांच्या) आधारे संकरातून एकत्र केलेली आहेत. वांग्यात या मरीसाठी असे काही आहे का? वडिलांची शंका अशी की, असे बियाणे म्हणजे बीटी, म्हणजे प्रयोगशाळेत परके जनुक घातलेले, तर नव्हे.

प्रतिसाद

आपले निदान बरोबर वाटते. हा जिवाणू मुळांवरील जखमांतून, विशेषतः खुरपणीच्या किंवा सूत्रकृमींनी (मातीतील सूक्ष्म कृमींनी) केलेल्या जखमांतून, आत शिरतो, जलवाहिन्यांत वाढतो आणि तेथे चिकट द्रव्य सोडून पाण्याची वाट बंद करतो. आपल्याला दिसलेले धागे तेच होत. तरीही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडून खात्री करून घ्यावी.

स्यूडोमोनास मुळांभोवतीची जागा व्यापतो, लोह बांधून ठेवतो, प्रतिजैविक द्रव्ये सोडतो आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतो. मात्र हे सारे रोग शिरण्यापूर्वीचे काम आहे. म्हणून रोपांची मुळे लागवडीपूर्वी त्याच्या द्रावणात बुडवावीत. मान टाकलेल्या झाडाला त्याचा उपयोग होत नाही. अधिक खात्रीचा उपाय म्हणजे रानवांग्याच्या खुंटावर केलेली कलमी रोपे, कारण रोग मुळातून येतो आणि तो खुंट त्याला दाद देत नाही.

वडिलांना निश्चिंत करावे. सुधारित सांबा मसुरीतील एक जनुक मुळात आफ्रिकेतील रानटी भातातले असले, तरी ते संकरातून आलेले आहे. बीटी वांगे शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीसाठी होते, मरीसाठी नव्हे, आणि त्यावर फेब्रुवारी २०१० पासून स्थगिती आहे. मरीला प्रतिकारक अशी सूर्या, श्वेता, हरिता ही वांगी केरळ कृषी विद्यापीठाने पारंपरिक निवडीतून दिली आहेत. परंतु या जिवाणूचे प्रकार प्रांतागणिक बदलतात, त्यामुळे आधी वीस-पंचवीस रोपेच लावून पाहावीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या पंधरा गुंठ्यांत पुढील दोन-तीन वर्षे वांगी, मिरची, टोमॅटो यांपैकी काहीही घेऊ नये. तेथे नाचणी घ्यावी, आणि वांगी भातकापणीनंतर खाचरात न्यावीत. महिनोन्‌महिने पाणी साचलेल्या जमिनीत या जिवाणूची संख्या घटते. सुकलेली झाडे मुळासकट उपटून जाळावीत, ओहोळात टाकू नयेत.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. माझ्या आजोबांच्या काळी त्या वरकस जमिनीत नाचणीच होती, त्यामुळे वडील लगेच तयार झाले. अडचण एवढीच आहे की, विहिरीजवळचे खाचर नेमके त्या वांग्यांच्या उताराखाली येते आणि पावसात वरचे सारे पाणी त्यातूनच वाहते. दुसरे खाचर उताराबाहेर आहे, पण तेथे पाणी पाइपाने न्यावे लागेल. तो खर्च करावा, की साचलेल्या पाण्यामुळे जवळचे खाचरही पुरेसे सुरक्षित मानता येईल?