मदत हवी आहे: वर्गात दाखवायला टेडची भाषणं अजून घ्यावीत का?

नमस्कार मंडळी,

मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. गेली पाच वर्षं शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला टेडचं (नाना क्षेत्रांतल्या माणसांची छोटी भाषणं नेटवर ठेवणारी संस्था) एखादं भाषण लावते. तास ३५ मिनिटांचा, भाषण फार तर १८ मिनिटांचं. मध्ये थांबवून मराठीत सांगायला वेळ उरतो. एखाद्या विषयात जन्म घालवलेली माणसं आमच्या पोरांना एरवी कुठं ऐकायला मिळणार? गावातली व्याख्यानमाला बंद पडूनही बरीच वर्षं झाली.

उपयोग झाला, हे आधी सांगते. अरविंद गुप्तांचं टाकाऊतून खेळणी करण्याचं भाषण दाखवलं, तर सोमवारी सात-आठ पोरं सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन हजर. ट्यूबच्या तुकड्यांत काडेपेटीच्या काड्या खोचून त्यांनी त्रिकोण केले, चौकोन केले. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण का कलंडत नाही, यावर गणिताच्या सरांचा अख्खा तास गेला. सर खूश होते.

आता अडचण. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेआधी मी मानसशास्त्रज्ञ एमी कडी यांचं २०१२ चं टेडचं भाषण दाखवलं. कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं ऐटीत उभं राहिलं, की टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल उतरतं आणि धीर येतो, असं त्यात आहे. आमच्या मुली स्टेजमागे रांगेत तशा उभ्या राहिल्या. त्यातली एक भाषणात मध्येच अडकली. खाली आल्यावर रडत म्हणाली, "मॅडम, माझी दोन मिनिटं पुरी झाली नव्हती, म्हणून विसरले."

पुढच्याच आठवड्यात आमच्या एका बाईंची लेक भेटली. ती मानसशास्त्रात एम. ए. करते. तिच्याकडून कळलं की मूळ प्रयोग २०१० चा, आणि तोही फक्त ४२ जणांवरचा. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने २०० जणांवर करून पाहिला, तेव्हा हार्मोनमध्ये फरक दिसला नाही. मूळ लेखात जिचं नाव पहिलं होतं त्या डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे लिहिलं, की हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही. टेडच्या संकेतस्थळावर त्या भाषणाखाली वादाबद्दल टीपही आहे म्हणे. शाळेत नेट धड नसतं, म्हणून मी भाषण पेनड्राइव्हवर उतरवून नेते. टीप त्यात कुठून येणार!

त्या मुलीचं वाक्य डोक्यातून जात नाही. शास्त्र म्हणून मी तिच्या हातात जे दिलं, त्यावर तिने स्वतःला दोष दिला.

मला विचारायचंय ते असं: माझ्यासारखीने कुठलं भाषण टिकलंय आणि कुठलं नाही, हे ओळखायचं कसं? हान्स रॉसलिंग यांचं २००६ चं आकडेवारीचं भाषण मला फार आवडतं, पण आकडे २० वर्षांपूर्वीचे. ते दाखवू का? की हा तासच बंद करू?

झुळूक:
ताई, बंद करू नका. मी प्रयोगशाळेत काम करते, माझी चाळणी सांगते. वक्ता वस्तू करून दाखवत असेल तर फारशी भीती नाही. गुप्तांची काडी मुलं स्वतः जोडून बघतात. पण "माणसं अशी वागतात", "एवढं केलं की मन बदलतं" असं कुणी सांगू लागलं, की मूळ प्रयोग किती जणांवर झाला आणि दुसऱ्या कुणाला तो जमला का, हे शोधायचं. आणखी एक, टेडएक्सचे कार्यक्रम वेगळे. २००९ पासून ते जागोजागचे आयोजक परवाना घेऊन करतात, वक्तेही तेच निवडतात. तिथं जास्त जपून.

एक मात्र त्या मुलीला जरूर सांगा. २०१५ च्या प्रयोगातही तसं उभं राहिलेल्यांना 'आपल्यात जोर आलाय' असं वाटलंच होतं. म्हणजे उभं राहिल्याने तिचं काही बिघडलं नाही आणि दोन मिनिटं हुकली म्हणून ती विसरलीही नाही.

पेठकर:
माझं मत थोडं वेगळं. आमच्या पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली. मी तिथं ऐकत मोठा झालो. भाषण संपलं की वक्त्याला जिन्यात गाठून शंका विचारायची, ती सोय पडद्यावर नाही. महिन्यातला एक शनिवार तरी माणसाला द्या. तुमच्या तालुक्यात द्राक्षांवर काम करणारे, पशुवैद्य, भूजल बघणारे असतीलच. वीस मिनिटं बोला म्हटलं तर नाही म्हणणार नाहीत.

आकडेमोड:
रॉसलिंग जरूर दाखवा. ते २०१७ मध्ये गेले, पण त्यांचं गॅपमाइंडर, म्हणजे देशोदेशीची आकडेवारी चित्रांत दाखवणारं संकेतस्थळ, चालू आहे. भाषणातल्या आलेखात एकेक देश म्हणजे एकेक बुडबुडा. भाषण झालं की तेच बुडबुडे गॅपमाइंडरवर उघडा, भारत निवडा आणि मुलांना वर्ष आजपर्यंत सरकवू द्या. भाषणातलं कुठलं खरं ठरलं, ते मुलंच सांगतील. ऑफलाइन आवृत्तीही उतरवता येते, तुमचा नेटचा प्रश्न मिटेल.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल वर्गात सगळं सांगितलं: ४२, २००, कार्नीबाईंचं पत्र, माझी चूकही. ती मुलगी काही बोलली नाही, पण तास संपल्यावर ४२ चा आकडा वहीत लिहून घेताना दिसली. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "मॅडम, मग पुस्तकातलं कोण तपासतं?" उत्तर द्यायला पुढचा शनिवार मागून घेतलाय.

पेठकरकाका, द्राक्ष बागायतदार एक मिळालेत, दिवाळीनंतर येतो म्हणाले.

आकडेमोड, शाळेतला संगणक जुना आहे, दोन जीबी रॅमचा. ऑफलाइन गॅपमाइंडर त्यावर चालेल का? आणि वर्गातल्या पडद्यावर अक्षरं मागच्या बाकापर्यंत दिसतील एवढी मोठी करता येतात का?