विद्युत अभियांत्रिकीचे तिसरे वर्ष : गेट, राज्याची वीज कंपनी की कॅम्पस?

तिसरे_वर्ष (प्रश्न)

नमस्कार. मी बडोद्यात विद्युत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकत आहे. सहाव्या सत्राची परीक्षा एप्रिलमध्ये आहे आणि तिच्याबरोबरच मागे राहिलेला ‘विद्युतचुंबकीय क्षेत्रे’ हा विषयही पुन्हा द्यायचा आहे. बाकीचे विषय ठीक आहेत. विद्युत यंत्रे आणि वीजप्रणाली हे दोन विषय तर मला मनापासून आवडतात. काळजी आहे ती पुढे काय करायचे याची.

बाबांचे म्हणणे असे की गेटको ही राज्याची वीज पारेषण कंपनी आणि मध्य गुजरात वीज कंपनी ही वितरण कंपनी, या दोन्हींची मुख्यालये आपल्याच गावात आहेत, तेव्हा ज्युनिअर इंजिनिअरची भरती परीक्षा द्यावी आणि दांडिया बाजारातले घर न सोडता नोकरी करावी. मामा म्हणतात की गेट ही अभियांत्रिकीची देशपातळीवरची परीक्षा देऊन पॉवरग्रिड किंवा एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपन्यांत जावे. वर्गातील बहुतेक मुले मात्र सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कॅम्पससाठी कोडिंग शिकत आहेत, आणि त्यांच्यात बसलो की आपणच मागे पडलो आहोत असे वाटू लागते. परिणामी संध्याकाळी गेटचे पुस्तक उघडतो, थोड्या वेळाने ते बाजूला ठेवून कोडिंगकडे वळतो आणि रात्री राहिलेल्या विषयाच्या भीतीने दोन्ही सोडून देतो.

एक विषय राहिलेला असताना गेटची तयारी सुरू करणे योग्य आहे का? आणि यांपैकी एकही काम जवळून पाहिलेले नसताना त्यांतून निवड कशाच्या आधारे करावी?

गोत्री_रोड

मी पारेषण क्षेत्रात, म्हणजे उच्च दाबाची वीज दूरवर वाहून नेण्याच्या कामात, बरीच वर्षे आहे, म्हणून तुझ्या बाबांनी सुचवलेल्या मार्गाविषयी तेवढे सांगतो.

2005 साली गुजरात वीज मंडळाचे (जीईबी) विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. बाहेरून सगळ्या ‘जीईबी’च वाटतात, पण आतले काम फार निराळे आहे. वितरण कंपनीत ज्युनिअर इंजिनिअरचा दिवस ग्राहकांच्या तक्रारी, फीडर (सबस्टेशनवरून वस्तीला वीज नेणाऱ्या लाइन), थकबाकी आणि लाइनवरची माणसे सांभाळण्यात जातो. उत्तरायणाच्या दिवसांत पतंगाचे मांजे तारांमध्ये अडकतात आणि पहिल्या पावसात फीडर वारंवार ट्रिप होतात, म्हणजे आपोआप बंद पडतात, तेव्हा घड्याळ पाहून काम करता येत नाही. पारेषणात 66 केव्हीपासून 400 केव्हीपर्यंतची सबस्टेशने येतात. तिथे शिफ्ट असते, देखभालीसाठी शटडाउनचे नियोजन असते, रिलेची (दोष ओळखून लाइन बंद करणाऱ्या उपकरणाची) चाचणी असते, आणि लाइन ट्रिप झाली की रिलेतील नोंदी वाचून दोष नेमका कुठे झाला हे शोधावे लागते. हे शेवटचे काम ज्याला आवडते, त्याला या नोकरीत कधी कंटाळा येत नाही, असा माझा अनुभव आहे.

दोन गोष्टी घरच्यांना स्पष्ट सांग. मुख्यालय बडोद्यात असले तरी नेमणूक बडोद्यातच होईल असे मुळीच नाही. कच्छ किंवा सौराष्ट्रातील एखाद्या सबस्टेशनवर पहिली काही वर्षे काढण्याची तयारी हवी. आणि ही भरती ‘विद्युत सहायक’ या नावाने होते, म्हणजे सुरुवातीची वर्षे ठरावीक मानधनावर काम करावे लागते आणि नियमित वेतनश्रेणी त्यानंतर मिळते. प्रश्नपत्रिकेत विद्युत अभियांत्रिकीबरोबर गुजराती भाषेचाही भाग असतो. तुझी शाळा इंग्रजी माध्यमाची असेल, तर बोलता येते म्हणून गुजराती व्याकरणाकडे दुर्लक्ष करू नकोस. आपल्या मराठी घरांतील मुलांचे गुण मी तिथेच जाताना पाहिले आहेत.

पदव्युत्तर_विद्युत

गेटविषयी थोडी माहिती देतो. तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांनाही ही परीक्षा देता येते. तीन तासांत 65 प्रश्न आणि 100 गुण असतात. त्यांपैकी 15 गुण सामान्य अभियोग्यतेचे आणि विद्युत शाखेत साधारण 13 गुण गणिताचे. बहुपर्यायी प्रश्नांत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या एकतृतीयांश गुण वजा होतात, पण संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नांत तसे होत नाही. प्रवेशासाठी गुणांकन तीन वर्षे वैध राहते, आणि त्यावर एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन मिळते. पॉवरग्रिड, एनटीपीसी यांसारख्या सार्वजनिक उपक्रमांचे मात्र वेगळे आहे. प्रत्येक उपक्रम स्वतंत्र जाहिरात काढतो आणि कोणत्या वर्षीचे गुणांकन चालेल हे त्या जाहिरातीतच ठरते, त्यामुळे तीन वर्षांच्या वैधतेवर विसंबून राहू नये.

माझा सल्ला असा की पदवीनंतर एक पूर्ण वर्ष केवळ गेटसाठी राखून ठेवावे. महाविद्यालय, कॅम्पस आणि गेट ही तिन्ही ओझी एकाच वेळी उचलणारे विद्यार्थी बहुधा तिन्हीकडे अर्धवट राहतात.

कोर_आणि_वाइंडिंग

वरील शेवटच्या सल्ल्याशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण प्रश्नकर्त्याच्या राहिलेल्या विषयातच आहे. मी बडोद्याजवळच्या एका कारखान्यात पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या डिझाइन विभागात काम करते.

तुम्ही लिहिले आहे की यंत्रे आवडतात, पण विद्युतचुंबकीय क्षेत्रे हा विषय अडला आहे. कर्ल आणि डायव्हर्जन्स या गणिती क्रिया केवळ चिन्हे म्हणून समोर आल्या की हा विषय कोरडा वाटतो, हे मला समजते. आमच्याकडे मात्र रोजचे काम त्याच विषयावर उभे आहे. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगमधून (तारांच्या गुंडाळ्यांमधून) जो लीकेज फ्लक्स, म्हणजे भरकटलेला चुंबकीय प्रवाह, बाहेर पडतो, तो टाकीच्या पोलादी भिंतीत शिरला तर तिथे एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखे विद्युत प्रवाह, निर्माण होतात आणि भिंतीचा एखादा भाग तापून रंग करपतो. म्हणून भिंतीच्या आतून कोरच्याच (वाइंडिंगच्या मधल्या लोखंडी गाभ्याच्या) पत्र्यांचे शंट बसवून त्या फ्लक्सला सोपा रस्ता करून द्यावा लागतो. शॉर्टसर्किट झाले की वाइंडिंगवर येणारे बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दसपट झाला तर बल शंभरपट होते. आतले वाइंडिंग कोरकडे दाबले जाते आणि बाहेरचे आणखी बाहेर ढकलले जाते. हाय व्होल्टेज आणि लो व्होल्टेज वाइंडिंगमध्ये तेलाची एकच रुंद पोकळी न ठेवता प्रेसबोर्डचे (दाबलेल्या जाड पुठ्ठ्याचे) अडथळे घालून तिच्या अरुंद पोकळ्या करतात, कारण तेलाची पोकळी जितकी अरुंद, तितका प्रत्येक मिलिमीटरमागे ती अधिक ताण सहन करते. ही तीनही उदाहरणे म्हणजे तुमच्या राहिलेल्या पेपरचीच प्रकरणे आहेत: फॅराडेचा नियम, प्रवाहवाहक तारेवरील बल आणि दोन माध्यमांच्या सीमेवरील विद्युत क्षेत्र.

म्हणून एप्रिलपर्यंत हा विषय केवळ उत्तीर्ण होण्यापुरता वाचू नका. गेटच्या विद्युत शाखेच्या अभ्यासक्रमात विद्युतचुंबकीय क्षेत्रे हा स्वतंत्र विभाग आहे. परिपथ, यंत्रे, वीजप्रणाली, नियंत्रण प्रणाली, मापन, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हे विभागही तुमच्या सत्रांतून येऊन गेलेले किंवा येणारेच आहेत. सत्र परीक्षेचा धडा वाचून झाला की त्याच आठवड्यात त्या धड्यावरचे गेटचे जुने प्रश्न सोडवले, तर दोन तयाऱ्या वेगळ्या उरत नाहीत. राज्य वीज कंपनीच्या पेपरातील विद्युतचा भागही याच विषयांवर असतो. संघ लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेचेही तेच. फक्त तिथे पूर्वपरीक्षेत 200 गुणांचा एक सामान्य पेपर, मुख्य परीक्षेत 300-300 गुणांचे दोन लेखी पेपर आणि 200 गुणांची मुलाखत असते, त्यामुळे विस्ताराने उत्तर लिहिण्याचा सराव वेगळा करावा लागतो.

पदवीनंतर वर्ष राखून ठेवण्याचा निर्णय आज घेऊच नका. अंतिम वर्षाच्या फेब्रुवारीत गेट द्या आणि निकाल पाहून ठरवा. ज्या मुलाला आपल्याला हे काम आवडते की नाही हेच अजून माहीत नाही, त्याने घरी बसून वर्षभर त्या कामाची प्रवेश परीक्षा द्यावी, हे मला अन्यायाचे वाटते.

काम पाहण्यासाठी मात्र बडोद्यासारखे गाव सापडणे कठीण आहे. मकरपुरा, पोर, सावली या पट्ट्यात ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर आणि केबलशी संबंधित लहानमोठे कारखाने आहेत. मकरपुऱ्यात 1974 साली स्थापन झालेली एर्डा ही विद्युत उपकरणांची चाचणी व संशोधन करणारी संस्था आहे. राज्यभरातील विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालणारे लोड डिस्पॅच सेंटर गोत्रीला आहे. दुसऱ्या गावातल्या मुलांना हे सर्व पुस्तकातील चित्रांवरून समजून घ्यावे लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रशिक्षण मागा. पगार मिळणार नाही, कदाचित जेवणही स्वतःचे न्यावे लागेल, पण हे काम आपल्याला जमेल की नाही याचे उत्तर तिथे नक्की मिळेल.

कोडिंगविषयी एवढेच सांगते की ते सोडू नका. आमच्या विभागातही पायथन येणाऱ्या मुलांना आधी विचारले जाते, कारण क्षेत्रांची गणना आता संगणकावरच होते.

तिसरे_वर्ष

काका, नेमणुकीची आणि मानधनाची गोष्ट घरी कोणालाच ठाऊक नव्हती; आज बाबांना सांगितली. ते थोडे गप्प झाले, पण रागावले नाहीत. ताई, लीकेज फ्लक्स आणि टाकीच्या भिंतीविषयी वाचून प्रथमच त्या विषयाचे पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटले. प्रशिक्षणासाठी कोणाला आणि केव्हा लिहावे? ओळख नसलेल्या विद्यार्थ्याला कारखान्यात घेतात का?

कोर_आणि_वाइंडिंग

घेतात. विभागप्रमुखांच्या सहीचे महाविद्यालयाचे पत्र हवे, आणि अर्ज मनुष्यबळ विभागाकडे मार्च संपण्यापूर्वी पोहोचायला हवा, कारण मे महिन्याच्या जागा तेव्हाच भरतात. अर्जात केवळ ‘प्रशिक्षण हवे’ असे लिहू नका. वाइंडिंग आणि टेस्टिंग या दोन विभागांत काम पाहण्याची इच्छा आहे असे स्पष्ट लिहा, नाहीतर बहुतेक दिवस कार्यालयातच जातील. मोठ्या कंपन्यांबरोबर पोर आणि सावलीतील तीन-चार मध्यम कारखान्यांनाही अर्ज पाठवा. तिथे माणसे कमी असल्यामुळे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष हात लावू देतात. टेस्टिंगमध्ये इम्पल्स चाचणीच्या (विजेच्या कडकडाटासारखा क्षणिक उच्च दाब देऊन पाहण्याच्या) दिवशी उपस्थित राहण्याची परवानगी आधीच मागून ठेवा.

गोत्री_रोड

सबस्टेशन पाहायचे असेल तर त्यासाठीही महाविद्यालयाचे पत्र लागते. ते दोन्ही ठिकाणांसाठी एकदमच घे, म्हणजे विभागप्रमुखांकडे पुन्हा जावे लागणार नाही. एप्रिलची परीक्षा संपल्याच्या पुढच्या आठवड्यातील तारीख माग. पाऊस सुरू झाला की आमच्याकडे कोणालाही दाखवत बसायला वेळ नसतो.