सही घेतलेली प्रचारपत्रकं जमवावीत का? (सोलापूर, लोकसभा २०२४)

साखरपेठकर
४ जून २०२४ ला सोलापूरची जागा दहा वर्षांनी काँग्रेसकडे परत आली. २०१४ आणि २०१९ ला जिथं सुशीलकुमार शिंदे पडले, तिथंच प्रणिती शिंदे ७४ हजारांवर मताधिक्यानं निवडून आल्या. राज्यात पक्ष १ वरून १३ खासदारांवर गेला. त्या दिवसांतली पत्रकं, उपरणी मी जपली आहेत आणि जमेल तिथं नेत्यांच्या सह्याही घेतल्या. मित्र म्हणतात, रद्दी आहे. मला ते पटत नाही. पत्रकं गठ्ठ्यानं छापतात, पण सही झाली की तो एकच कागद वेगळा होतो. तुमचं मत सांगा.

बाळीवेस
माझा विरोध सहीच्या हौसेला आहे. गर्दीत कोण सही करतं, काय करतं, पुढं कोण सिद्ध करणार? त्यापेक्षा पत्रकाच्या तळाची बारीक ओळ बघा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७अ कलमानं मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो. कागद कुठल्या छापखान्यातून निघाला ते त्यावरून कळतं. माझ्याकडं पूर्व भागातलं एक तेलुगू पत्रक आहे, सही-बिही काही नाही. पण आपलं गाव मराठी, तेलुगू, कन्नड अशा भाषांत मत मागतं, हे त्या एका कागदावर दिसतं. असले कागद आधी वाचवा.

विजापूरवेस
मला वेगळंच खटकतंय. फक्त जूनच का? नोव्हेंबरात विधानसभेला त्याच सोलापूर शहर मध्यमध्ये, जिथं प्रणितीताई २००९ पासून सलग तीनदा आमदार झाल्या, भाजपचे देवेंद्र कोठे आले. राज्यात काँग्रेस १६ वर थांबली. जिंकलेला महिना ठेवायचा आणि हरलेला टाकायचा, याला देव्हारा म्हणतात. संग्रहात दोन्ही लागतात. माकपचे नरसय्या आडम मास्तर १९७८ ला पहिल्यांदा आमदार झाले, त्या निवडणुकीचं लाल पत्रक कुणाकडं आहे का? मी कितीतरी वर्षं शोधतोय.

साखरपेठकर
नोव्हेंबरचं मान्य, चूक माझीच. तेव्हा मन लागलं नाही म्हणून काहीच उचललं नाही. सहीबद्दल मात्र मी हटणार नाही. आमच्या शेजारच्या मावशी विड्या वळतात. सहीसाठी पत्रक पुढं करताना त्यांनी मजुरीचं विचारलं, आणि समोरच्याला थांबून उत्तर द्यावं लागलं. तो कागद मी मागितला नाही, त्यांच्या भिंतीवरच आहे. सहीसोबत अशी भेट असते, बाळीवेसकाका. छापखान्याच्या ओळीत ती सापडत नाही.

बाळीवेस
मग ती भेट लिहून ठेवा ना! तारीख, चौक, मावशींनी काय विचारलं, काय उत्तर मिळालं, सगळं वेगळ्या चिठ्ठीवर. नुसत्या सहीवरून वीस वर्षांनी यातलं काही कळायचं नाही. आणि मावशींना सांगा, कागद उन्हाच्या भिंतीवर नको. सोलापूरच्या उन्हात बॉलपेनची शाई उडायला वेळ लागत नाही.

साखरपेठकर
आज संध्याकाळीच जातो त्यांच्याकडं. चार पत्रकं मी लॅमिनेट करून बसलोय, ती सोडवता येतील का?

बाळीवेस
ओढू नका, शाईही निघेल. आहेत तशी ठेवा. बाकीची सपाट, अंधारात, जाड कागदाच्या फायलीत.

विजापूरवेस
शहर मध्यची नोव्हेंबरची पत्रकं माझ्याकडं जास्तीची आहेत, दोन्ही बाजूंची. रविवारी पार्क चौकात या, देतो. सह्या नाहीत त्यांवर.

साखरपेठकर
चालेल दादा, येतो.